अप्पांची हरकत

आमच्या माहितीपट मंडळात डोळे मिटून पिक्चर बघणारे एकच सभासद आहेत, काशिनाथअप्पा बिराजदार.

झोपत नाहीत. मांडीवर पॅड असतं, हातात पेन्सिल असते, आणि पडद्यावरचं माणूस बोलायला लागलं की अप्पांची पेन्सिल चालायला लागते. लघुलिपीतल्या त्या रेघोट्या अंधारातसुद्धा सरळ ओळीत पडतात. पडद्यावरचं माणूस गप्प झालं की अप्पा डोळे उघडतात. पुन्हा कुणी बोललं की मिटतात. पहिल्यांदा आलेल्याला वाटतं, म्हातारा पेंगतोय. मग पिक्चर संपतो, आम्ही दिवे लावतो, लोक टाळ्यांसाठी हात वर घेतात, आणि शेवटच्या रांगेतून आवाज येतो,

"हरकत आहे."

अप्पांनी चौतीस वर्षं कोर्टात स्टेनो म्हणून काढली. कुठल्या कोर्टात, असं विचारलं तर म्हणतात, "बदल्या लई झाल्या, सर. खुर्ची तेवढी तीच होती." साक्षीदार बोलणार, न्यायाधीशसाहेब सांगणार आणि अप्पा उतरवून घेणार. माणसाच्या तोंडातलं बोलणं कागदावर येईस्तोवर त्याचं काय काय होतं, हे जवळून बघितलेला आमच्या ओळखीतला हा एकच माणूस. तो निवृत्त झाला, धाराशिवला येऊन राहिला, आणि आमच्या दुर्दैवानं म्हणा की सुदैवानं, एका शनिवारी कॉलेजच्या हॉलबाहेर लावलेला 'माहितीपट, प्रवेश सर्वांना' हा फलक त्यानं वाचला. फलक मी लिहिला होता. मी तिथं मराठी शिकवतो, आणि महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी दुपारी खिडक्यांना काळी कापडं लावून दहाबारा माणसांना माहितीपट दाखवतो.

त्या पहिल्याच दिवशी विहिरी खोदणाऱ्या एका माणसावरचा माहितीपट होता. तो तयार करणारा तरुण दिग्दर्शक पुण्याहून मुद्दाम आला होता. दिवे लागले आणि अप्पा उभे राहिले.

"हरकत आहे. ह्यात सगळ्यात जास्त बोललाय तो निवेदक. ज्याच्यावर पिक्चर हाय तो माणूस मोजून अकरा वाक्यं बोललाय. ही साक्ष न्हाय, हा वकिलाचा युक्तिवाद हाय. युक्तिवादाला माझी ना न्हाय, पण मग तसं सुरुवातीला लिहा."

दिग्दर्शक समजूतदार होता. हसून म्हणाला, "अजून काही?"

"व्हय. प्रश्न कुठाय?"

"कुठला प्रश्न?"

"तुम्ही त्याला कायतरी इचारलं आसंल की. कुठलाच माणूस आपल्या मनानं, 'माझं आयुष्य जमिनीच्या पोटात गेलं' आसं म्हणत न्हाय. तुम्ही म्हणला आसाल, 'तुमचं आयुष्य जमिनीच्या पोटातच गेलं म्हणायचं, न्हाय का?' तो म्हणाला आसंल, 'व्हय.' मग तुम्ही म्हणला आसाल, 'पूर्ण वाक्यात सांगा.' उत्तर ठिवलं आन् प्रश्न कापला. आमच्याकडं ह्याला 'साक्षीदाराच्या तोंडात शब्द घालणं' म्हणत्यात."

दिग्दर्शकाचं हसू गेलं. नंतर चहाच्या वेळी तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "सर, अगदी असंच झालं होतं हो. शब्दसुद्धा तेच. हे गृहस्थ शूटिंगला होते का?"

त्यानंतर 'प्रश्न कुठाय?' हे आमच्या मंडळाचं ब्रीदवाक्यच झालं. मुलं कँटीनमध्येसुद्धा एकमेकांना म्हणायला लागली.

अप्पांच्या हरकतींना धरबंध नव्हता. एका पिक्चरमध्ये एक म्हातारी आपल्या गेलेल्या गायीबद्दल सांगताना रडते आणि मागं बासरी वाजायला लागते. अप्पा म्हणाले, "बाई रडतीय ते दिसतंय. मग ही बासरी कुणासाठी? आमच्याकडं साक्षीदार रडला तर शिपाई पाणी आणून द्यायचा, बासरी वाजवत न्हवता." ड्रोननं वरून घेतलेली दृश्यं आली की ते विचारायचे, "ही घार कुणाच्या बाजूची?" एकदा पडद्यावर एक शेतकरी सूर्य मावळताना बांधावरून फार सावकाश, जवळजवळ तरंगत चालत आला. अप्पांनी तेवढ्यापुरते डोळे उघडले आणि शेजाऱ्याला म्हणाले, "ह्याला आधी दवाखान्यात न्या." आणि जुनी घटना नटांकडून करवून घेतलेली दिसली की त्यांचा एकच प्रश्न असायचा, "घटनेच्या वेळी कॅमेरा हजर होता का? नसला तर हे कुणी बघितलं?"

याचा परिणाम दोन्हीकडून झाला. मंडळाची गर्दी बारावरून पंचवीसवर गेली, कारण निम्मे लोक अप्पांना ऐकायला यायचे. आणि एका दिग्दर्शकानं मला फोनवर आधीच विचारून घेतलं, "तुमच्याकडचे ते कोर्टवाले त्या दिवशी गावाला जाणार असतील तर मी येतो." माझ्या एका सहकाऱ्यानं तर स्पष्ट सांगितलं, "हा माणूस पिक्चर बघत नाही, खटला चालवतो." मलाही कधीकधी तसंच वाटायचं. आस्वाद म्हणून काही असतो की नाही? एकदा मी अप्पांना म्हणालोसुद्धा, "अप्पा, सगळ्यातच खोट काढायची म्हटल्यावर माणसानं कॅमेरा उचलूच नये."

अप्पा रागावले नाहीत. म्हणाले, "उचलावा की. पण उचलल्यावर हात थरथरायला पायजे थोडा."

पुढं एका शनिवारी आम्ही घोंगड्या विणणाऱ्या नवराबायकोवरचा एक साधा माहितीपट लावला. त्यात निवेदक नव्हता. कॅमेऱ्यामागून एक बाई प्रश्न विचारते, तो ऐकू येतो. ती त्या म्हाताऱ्या विणकरणीला विचारते, "तुमचा थोरला मुलगा असता तर त्यानं माग चालवला असता का?" विणकरीण उत्तर देत नाही. हातातला धागा तसाच धरून बसते. कॅमेरा हलत नाही. मागं कोंबडी ओरडते, कुणाची तरी मोटरसायकल जाते. विणकरीण धाग्याकडं बघते, मग मागाकडं, मग कुणाकडंच नाही. बराच वेळ. मग ती पुन्हा विणायला लागते.

दिवे लागले. सगळ्यांनी सवयीनं शेवटच्या रांगेकडं माना वळवल्या. अप्पा उठले नाहीत. पॅडवर पेन्सिल आडवी पडली होती.

मी म्हणालो, "अप्पा?"

"आमच्या कागदावर ह्याला जागा नव्हती, सर," अप्पा म्हणाले. "साक्षीदार गप्प बसला की साहेब सांगायचे, लिहा, साक्षीदार उत्तर देत नाही. एवढंच. कसा गप्प बसला, किती वेळ, कुणाकडं बघून, ते लिहायची सोयच न्हाय. ह्या पिक्चरला ती हाय. हे काम आमच्यानं कधी झालं नसतं."

आणि चहा न घेता ते निघून गेले.

त्या दिवशी आमच्यात अश्विनी होती. माझी जुनी विद्यार्थिनी, लोहाऱ्याची. पुण्याला जाऊन कॅमेरा शिकून आलेली. लग्नांचं शूटिंग करून पोट भरायची आणि उरलेल्या वेळात स्वतःचे छोटे माहितीपट करायची. अप्पा जिन्यावरून उतरताना ती बघत राहिली आणि मला म्हणाली, "सर, मला अप्पांवर करायचाय."

मला वाटलं अप्पा हाकलून देतील. त्यांनी ऐकून घेतलं आणि तीन अटी घातल्या. संगीत नको. निवेदक नको. आणि प्रत्येक प्रश्न तिच्याच आवाजात, पूर्ण, पिक्चरमध्ये राहिला पाहिजे. शूटिंगच्या दिवशी त्यांनी तिला कॅमेऱ्याच्या स्टँडवर हात ठेवायला लावून शपथसुद्धा घ्यायला लावली, "जे विचारीन ते दाखवीन, आणि न विचारलेलं दाखवणार नाही." ती हसत हसत म्हणाली. अप्पा हसले नाहीत.

बार्शी नाक्याकडं अप्पांचं दोन खोल्यांचं घर आहे. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा हैदराबादला असतो. भिंतीवर कॅलेंडर, टेबलावर झाकून ठेवलेला टाइपरायटर, बाकी काही नाही. मदतीला दुसरं कुणी नसल्यामुळं माइकची काठी धरून उभं राहायचं काम माझ्याकडं आलं. तासाभरात माझे खांदे भरून आले. अप्पा मात्र रंगात येऊन बोलत होते. कुठला वकील किती भरभर बोलायचा, कुठले साहेब 'खाडाखोड नको' म्हणून सांगायचे आणि स्वतःच चार वेळा वाक्य बदलायचे, असं बरंच. अश्विनी हसत होती, मीही हसत होतो.

मग तिनं विचारलं, "अप्पा, तुम्ही सगळ्यांच्या कामावर हरकत घेता. तुमच्या स्वतःच्या कागदावर कधी घ्यावीशी वाटली?"

अप्पा थांबले. कॅमेरा चालू होता. मला वाटलं, ते प्रश्नावरच हरकत घेणार. ते टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिले.

"एकदा," ते म्हणाले. "घ्यायला पायजे होती, घेतली न्हाय."

आणि त्यांनी सांगितलं. कुठलं कोर्ट ते सांगितलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही. नवीन नोकरी होती. एका लग्न झालेल्या मुलीचा सासरी विहिरीत पडून जीव गेला होता, त्याचा खटला. साक्षीला तिची धाकटी बहीण उभी होती, नीलव्वा म्हणू या; खरं नाव मी देत नाही. सीमेकडच्या गावची, मराठी अजिबात येत नव्हतं. कानडी कळणारा म्हणून कुणाला तरी ऐनवेळी बाहेरून बोलावून उभं केलं होतं. त्याचं कानडी बाजारापुरतं. वकिलानं विचारलं, मरायच्या आधी बहीण शेवटचं काय बोलली?

"ती पोरगी मान हलवून पुटपुटली, 'एल्ला नेनपैत्रि.' सगळं आठवतंय. आन् पुढं म्हणाली, पण सांगायला तोंड उघडंना. त्या माणसानं तिची हलती मान बघितली आन् साहेबांना सांगितलं, 'आठवत नाही म्हणते.' साहेबांनी मला सांगितलं, लिहा. म्या लिहिलं. 'माझी बहीण शेवटचं काय बोलली ते मला आठवत नाही.'"

अप्पांच्या घरी कानडी बोलायचे. त्यांची आईच तिकडची. त्या खोलीत त्या मुलीचं बोलणं नीट कळलेला माणूस टाइपरायटरमागं बसला होता.

"मग तुम्ही बोलला का नाही?" अश्विनीनं विचारलं.

"स्टेनोनं बोलायचं नसतं," अप्पा म्हणाले. मग थोड्या वेळानं म्हणाले, "हे कारण म्या चौतीस वर्षं स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे भ्यालो. नवी नोकरी होती."

अश्विनीनं कॅमेरा बंद केला. तिचे डोळे भरले होते, पण ती दिग्दर्शकही होती. निघताना ती हळूच मला म्हणाली, "सर, हाच पिक्चर आहे. बाकी सगळं काढून टाकलं तरी चालेल."

ते अप्पांनी ऐकलं. "पोरी, हे दाखवायचं न्हाय."

"अप्पा, तुम्ही स्वतः सांगितलंत. प्रश्नही माझ्या आवाजात आहे. तुमच्या सगळ्या अटी पाळल्यात मी."

"पाळल्यास. पण ही गोष्ट माझी न्हाय, तिची हाय. एकदा तिला न इचारता कागदावर घातली. आता परत तिला न इचारता पडद्यावर घालायची?"

"मग विचारू या. मी येते कॅमेरा घेऊन."

"कॅमेरा घिऊन माफी मागायला जायचं न्हाय," अप्पा म्हणाले. आणि माझ्याकडं वळले. "सर, तुम्ही येता का बरूबर? एकट्यानं जमंना मला."

जमंना, असं का म्हणाले ते मला वाटेत कळलं. उमरग्याला एसटीतून उतरून आम्ही जीपमध्ये बसलो. मी विचारलं, "अप्पा, इतक्या वर्षांनी पत्ता कसा सापडायचा?"

"पाठ हाय. साक्षीदाराचं नाव, वय, राहणार. म्याच टाइप केलंय." मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "दोनदा येऊन गेलो. त्या इथं माहेरीच ऱ्हात्यात, एवढं हॉटेलात कळलं. फाट्यावर उतरायचं, चहा प्यायचा, परतीची जीप धरायची."

या खेपेला आम्ही फाट्यावर चहा प्यालो नाही.

नीलव्वाबाई घराच्या ओसरीवर सुपात तूर निवडत बसल्या होत्या. साठी ओलांडलेली, अंगानं वाळलेली, पण नजर स्वच्छ. मी पाण्याचा तांब्या हातात घेऊन बाजूला बसलो. अप्पा उभेच राहिले. त्यांनी आपलं नाव, काम, ते वर्ष, ती खोली, सगळं एका दमात कानडीत सांगायला सुरुवात केली. मध्येच बाईंनी हात वर केला.

"मराठीत बोला. येतंय मला," त्या म्हणाल्या. "कोर्टातनं आल्यावर शिकले. परत माझं बोलणं दुसऱ्या कुणी सांगू नये म्हणून शिकले."

अप्पा ओसरीच्या कडेला बसले. शेवटी जमेल तसं म्हणाले, "तुम्ही काय म्हणालात ते मला कळलं होतं, बाई. सगळं आठवतंय, आसं म्हणालात. म्या उलटं लिहिलं."

बाईंचे हात सुपात थांबले.

"तुमाला कळलं हुतं?"

"व्हय."

"तितं? त्याच वक्ताला?"

"व्हय. माफी मागायला आलोय."

आतून घरातली कुणी बाई डोकावून गेली. मग बाई बोलायला लागल्या, अप्पांकडं न बघता, तुरीकडं बघत.

"आमच्या आईला कुणीतरी तो कागद वाचून दाकिवला. बहिणीचं शेवटचं बोलणं इसरली म्हणून आई मला मरूस्तोवर धड बोलली न्हाय. म्या म्हणायची, इसरले न्हाय गं. ती म्हणायची, मग सांग. आन् ते मला सांगता येत नव्हतं."

"का?" मी न राहवून विचारलं.

"अक्कानं आईलाच बोल लावला हुता. माघारी घिऊन चल म्हणून तिनं तीनदा निरोप धाडला, आई गेली न्हाय. मरायच्या आदी तेच बोलली ती. कोर्टात आई पार मागं बसली हुती, पदर तोंडाला लावून; माझं पुटपुटणं तितवर गेलं न्हाय, पण पुढचं मोठ्यानं सांगावं लागलं असतं. तिच्या म्होरं कसं सांगू?"

अप्पांनी मान खाली घातली.

"तुमी खरं लिवलं असतं," बाई सावकाश म्हणाल्या, "तर वकिलानं खोदून इचारलं असतं. मला सांगावं लागलं असतं. आई तितंच मेली असती. म्हणून मला कळंना झालंय, तुमाला काय म्हणावं." त्यांनी सुपातला एक खडा काढून अंगणात टाकला. "राग हुता. लई वर्सं हुता. त्या खोलीत येवडी माणसं, आन् म्या बोलले ते एकालाबी कळलं न्हाय, आसंच धरून चालले म्या. आज सांगताय, एकाला कळलं हुतं."

मग मीच अश्विनीच्या पिक्चरचं काढलं. ते आत्ता काढायला नको होतं असं वाटत होतं, पण ते विचारायलाच आम्ही आलो होतो. अप्पांनी कॅमेऱ्यासमोर काय सांगितलं, ते कुणाला दाखवणार, तुमचं नाव घ्यायचं की नाही, सगळं मी सांगितलं. बाईंनी शांतपणे ऐकलं.

"दाकवा," त्या म्हणाल्या. "नाव घालू नगा. सगळं आठवतंय म्हणाली, येवडं दाकवा. काय आठवतंय ते न्हाय."

"बरं," अप्पा म्हणाले. "तसंच होईल. म्या समोर बसून बघीन."

मला वाटलं, झालं. मी उठायच्या बेतात होतो. तेवढ्यात बाई अप्पांकडं वळल्या आणि कानडीत बोलायला लागल्या. हळू आवाजात, थांबत थांबत. मधे एकदा त्यांचा आवाज बारीक झाला, एखाद्या तरुण पोरीसारखा, आणि मला वाटलं, आता बोलतायत त्या नीलव्वाबाई नाहीत, ती थोरली बहीण आहे. मला एक शब्द कळला नाही. अप्पा ऐकत होते. एकदाच ते मध्ये बोलले, बाईंचंच वाक्य असावं, तसंच्या तसं त्यांनी परत म्हणून दाखवलं. बाईंनी मान डोलावली. बरोबर, अशी.

त्या काय म्हणाल्या ते मी अप्पांना अजून विचारलेलं नाही.

बोलून झाल्यावर नीलव्वाबाईंनी पदरानं तोंड पुसलं, गुडघ्यावर हात ठेवून उठल्या आणि मराठीत म्हणाल्या, "भाकरी टाकते. जेवून जावा."

"व्हय," अप्पा म्हणाले.

त्या आत गेल्या. अप्पांनी त्यांचं सूप आपल्याकडं ओढून मांडीवर घेतलं आणि राहिलेली तूर निवडायला लागले.